पलीकडच्या काठाचं नेटवर्क

१

ज्या दिवशी नवं कुलूप नोंदणीसाठी पाठवायचं होतं, त्याच दिवशी ते गेल्याचं कळलं.

मालकांनी तिजोरीतून पत्र्याचा डबा काढला, मिस्त्रींनी गळ्यातल्या किल्लीने तो उघडला आणि दोघेही आत बघत राहिले. डब्यात कुलूप होतं, पण ते नव्हतं. कारखान्याने कधीच बंद केलेल्या जातीचं एक जुनं पितळी कुलूप कापसात गुंडाळून ठेवलं होतं.

मिस्त्रींनी ते तळहातावर घेतलं. वजन अगदी नव्या कुलपाइतकंच लागलं. म्हणूनच परदेशातून आल्यावर डबा इतक्यांदा उचलला, इकडचा तिकडे ठेवला, तरी कुणाला शंका आली नव्हती.

"हे कुठनं आलं?" मालकांनी विचारलं.

"आपलंच आहे. भंगाराच्या पेटीत अशी ढीगभर पडलीत."

मालक खुर्चीत बसले. नवं कुलूप साधं नव्हतं. खोटी किल्ली घातली की ते किल्ली आत धरून ठेवायचं, सोडायचंच नाही. चोर पळाला तरी त्याची किल्ली सापडावी, अशी ती करामत. परदेशातल्या प्रदर्शनात त्याच्याभोवती गर्दी झाली होती. आता दुसऱ्या कुणी ते आधी नोंदवलं, तर आपलंच कुलूप आपण चोरलं असं जगाला दिसणार होतं.

प्रदर्शनाला चौघे गेले होते. मिस्त्री म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. ज्याच्या डोक्यातून कुलूप निघालं तो धाकटा कारागीर; त्याला सगळे नुसतं धाकटा म्हणत. तोंडाला कुलूप ठाऊक नसलेला विक्रीवाला, त्याला पोपट म्हणत. आणि पैशांचं बघणारे मामा. मामा हे मालकांच्या बायकोचे भाऊ. मालकांची मुलं मामा म्हणायची म्हणून अख्खा कारखाना मामा म्हणायचा.

"डबा चौघांच्याही हातात होता," मालक म्हणाले. "मग पलीकडे कोण गेलं, एवढंच बघायचं."

पलीकडे म्हणजे तळ्याच्या पलीकडे. प्रदर्शनाचं गाव एका मोठ्या तळ्याच्या काठावर होतं. समोरचा काठ दुसऱ्या देशाचा, आणि त्या काठावर त्यांच्या धंद्यातला सगळ्यात मोठा वैरी, म्हणजे दुसरा कुलूप कारखाना. मध्ये होडी चालायची. जाऊन यायला एक संध्याकाळ पुरायची.

मालकांनी टेबलाच्या खणातून मोबाईलचं बिल काढलं. चौघांचे फोन कारखान्याच्या नावावर होते. एका नंबरावर इतका आकडा चढला होता की मोबाईल कंपनीच्या बाईंनी स्वतः फोन करून विचारलं होतं.

"शेवटच्या संध्याकाळी हा फोन तळ्यापलीकडच्या देशात चालू होता. चांगला बराच वेळ."

"कुणाचा?"

मालकांनी बिल पुढे सरकवलं. नंबर धाकट्याचा होता.

मिस्त्रींना धक्का बसायला हवा होता. बसला नाही. उलट छातीत कुठेतरी गार वाटलं, आणि ते त्यांचं त्यांनाच आवडलं नाही.

२

चौघांना समोर बसवून मालकांनी बिल वाचून दाखवलं. सगळ्यात आधी मामा उसळले.

"जाण्याआधी पंधरा दिवस मी डोकेफोड केली होती ह्याच्यावर," ते म्हणाले. "तिथलं सिमकार्ड घेतलं तर स्वस्त, पण आपला नंबर बंद, गिऱ्हाईक फोन करून थकणार. आजूबाजूच्या सगळ्या देशांत चालणारं पॅक घेतलं तर जवळपास दुप्पट. हॉटेलचं वायफाय जिन्यापर्यंतच येतं. म्हणून एकाच देशाचं पॅक घेतलं. आणि प्रत्येकाला बजावलं होतं की नाही? फोनवर पलीकडच्या देशाचं 'स्वागत आहे' आलं, की डेटा बंद."

"बजावलं होतं," धाकटा म्हणाला.

"मग?"

"मी पलीकडे गेलोच नव्हतो, मामा. खोलीच्या बाल्कनीत बसून बायकोशी बोलत होतो. व्हिडिओवर."

"बाल्कनीत बसून माणूस परदेशात जातो?" मामांनी मालकांकडे बघितलं. "आणि ह्याला भागीदार करायला निघालात तुम्ही."

भागीदारीची गोष्ट मिस्त्रींना ठाऊक नव्हती. पोपटालाही नसावी, कारण तो गप्प बसला.

मालकांचा चेहरा उतरला. "मिस्त्री, खोली तुमची दोघांची होती. हा त्या संध्याकाळी बाल्कनीत होता का?"

धाकट्याने मिस्त्रींकडे पाहिलं. त्या नजरेत मागणं नव्हतं, त्यामुळे ती अधिकच बोचली. "मिस्त्री झोपले होते," तोच म्हणाला. "त्यांना काय माहीत असणार?"

मिस्त्री झोपले नव्हते. भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून पडले होते, आणि बाल्कनीतला शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता.

"हो," मिस्त्री म्हणाले. "मला झोप लागली होती."

३

मिस्त्रींची बायको गेल्या वर्षी गेली. आजारपण लांबलं नाही, वेळच थोडा मिळाला. तेव्हापासून घरी गेल्यावर बोलायला कुणी नव्हतं, आणि मिस्त्रींना त्याची सवय झाली आहे असं सगळे धरून चालले होते.

परदेशात पहिल्या संध्याकाळपासून धाकट्याचा फोन सुरू झाला. "जेवलीस का? दार नीट लावलंस का? मोरीचा नळ टपकतोय अजून?" असलं काहीबाही. फोनमधून बायको हसायची. मिस्त्री शेजारच्या पलंगावर आपल्या चपला सारख्या करत बसायचे. त्यांच्याही फोनमध्ये तेवढाच डेटा भरला होता, तो कुणावर खर्च करायचा हे त्यांना कळत नव्हतं. नाश्त्याला मामा सगळ्यांचा वापर तपासायचे आणि म्हणायचे, "डेटा कसा वाचवायचा ते मिस्त्रींकडून शिका." पोपट हसायचा. मिस्त्रीही हसायचे. आतून मात्र चटका बसायचा.

कुलूप धाकट्याचं, कौतुक धाकट्याचं, फोनही धाकट्यालाच. ज्याला मिस्त्रींनी कानस धरायला शिकवलं, त्याच्याकडे आज सगळं होतं.

शेवटच्या संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मिस्त्रींना राहवलं नाही. "जरा बाहेर जाऊन बोल की," ते म्हणाले, आणि भिंतीकडे वळले. धाकटा लगेच उठला. बाल्कनीचं दार त्याने हळूच ओढून घेतलं, पण ते नीट लागत नव्हतं. म्हणून सगळं ऐकू आलं.

आता मालकांनी मिस्त्रींनाच कामाला लावलं होतं. "सोमवारी मी पोलिसांत जाणार. तोवर तुम्ही सगळ्यांशी बोला. तुमच्यापुढे कुणी खोटं बोलणार नाही."

खोटं बोललेला माणूस सगळ्यांचं खरं काढायला निघाला होता. मनात एकच हिशोब पक्का होता: आपण त्याला बाल्कनीत बोलताना ऐकलं, पण फोन पलीकडच्या देशात कसा गेला हे आपल्याला माहीत नाही. म्हणजे काहीतरी काळंबेरं असेलच. असावंच.

४

धाकट्याच्या घरी तो नव्हता. बायको होती. तिने चहा टाकला आणि उभ्याउभ्याच विचारलं, "तुम्हालासुद्धा वाटतं का हो, ह्यांनी चोरलं?"

"मी फक्त विचारायला आलोय. त्या संध्याकाळी काय बोलणं झालं तुमचं?"

"आमचं काय बोलणं असणार? नळाचं." ती जराशी हसली. मग गंभीर झाली. "मी म्हटलं, आज अंधारात का बसलात? थंडी वाजेल. तर म्हणाले, मिस्त्रींच्या समोर आपलं हे बोलणं बरं दिसत नाही गं. त्यांचं दुखणं ताजं आहे. पहिल्याच दिवशी लक्षात यायला पाहिजे होतं माझ्या."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. हे वाक्य त्यांनी ऐकलं होतं. दाराच्या फटीतून, भिंतीकडे तोंड करून. तेव्हा त्यांना धाकट्याचा अधिकच राग आला होता, कारण त्याच्यापाशी दया करण्याइतकंही शिल्लक होतं.

"हे मालकांना सांगितलंस?"

"सांगितलं ना. म्हणाले, बायको नवऱ्याचंच म्हणणार." ती कपाटाकडे वळली. "दुसरं कुणी ऐकलेलं असतं तर बरं झालं असतं."

मिस्त्री उठले. चहा तसाच राहिला.

५

पोपट दुकानाच्या काउंटरवर एका गिऱ्हाइकाला साखळीकुलूप विकत होता. गिऱ्हाईक गेल्यावर मिस्त्रींनी आधी त्याचीच चौकशी केली.

"मी त्या संध्याकाळी तीन खरेदीदारांबरोबर जेवत होतो," पोपट म्हणाला. "त्यातल्या एकाने मला झोपेपर्यंत त्याच्या कुत्र्याचे फोटो दाखवले. विचारा हवं तर, फोन लावून देतो. आणि माझा फोन दोन्ही काठांना चालतो. मालकांनीच ते महागाचं पॅक दिलंय, कारण गिऱ्हाईक दोन्हीकडचं. मी पलीकडे गेलो असतो तरी जास्तीचा पैसा चढला नसता. चोरी करायची तर मला किती सोयीचं, बघा. मामांनी काय बोल लावले त्या पॅकवरून. उधळ्या म्हणाले."

"मग धाकट्याचा फोन पलीकडे कसा गेला?"

"अहो, फोन कुठे जातो? सिग्नल येतो." पोपटाने दोन कुलपं काउंटरच्या दोन टोकांना ठेवली. "हा आपला टॉवर, हॉटेलच्या मागे, टेकडीच्या आड. हा पलीकडचा, तळ्याच्या काठावर. खोलीत बसलात तर आपला लागतो. बाल्कनी तळ्याच्या तोंडावर. मध्ये ना झाड, ना भिंत, नुसतं पाणी. पलीकडचा जोरात लागला की फोन त्याला जाऊन चिकटतो. माणूस खुर्चीतच असतो."

"पण स्वागताचा मेसेज येतो ना?"

"येतो. पण व्हिडिओवर बायको असताना मेसेज कोण बघतं? तुम्ही बघितला असता?"

मिस्त्री काउंटरवरची ती दोन कुलपं न्याहाळत राहिले.

"शिवाय आपल्याला झालं होतं की तसं," पोपट पुढे म्हणाला. "धक्क्यावर, होड्या बघायला बसलो होतो तेव्हा. टिंग टिंग करून सगळ्यांना मेसेज आले. तुम्ही आणि धाकट्याने घाबरून डेटा बंद केला."

"आणि मामांनी?"

"मामा? ते तर..." पोपट थांबला. तो थांबतो असं कुणी पाहिलं नव्हतं. "मामा बातम्यांचे व्हिडिओ बघत होते. आम्ही उठलो तरी बघत होते."

मिस्त्रींना होड्यांचा तो धक्का आठवला. वायफाय नव्हतं तिथे. एक टपरी, दोन बाकं आणि पाणी. त्यांनी विचारलंही होतं, मामा, तुमचं बंद नाही केलं? मामा म्हणाले होते, "माझं आहे सेटिंग."

"दोन्ही काठांना चालणारं पॅक आपल्यात कुणाकुणाकडे?"

"फक्त माझ्याकडे."

मिस्त्री सरळ मालकांच्या खोलीत गेले आणि बिल पुन्हा मागितलं. मामांच्या नंबराखाली पाहिलं. पलीकडच्या देशातलं काहीच नव्हतं. पण अलीकडचंही काही नव्हतं. रात्रंदिवस फोनमध्ये डोकं घालून बसणाऱ्या माणसाचा वापर मिस्त्रींपेक्षाही कमी भरला होता.

६

मामा आपल्या खोलीत एकटे होते. टेबलावर तो छोटा काटा होता, ज्यावर ते टपालाची पाकिटंसुद्धा तोलत. परदेशातून निघताना सगळ्यांच्या बॅगाही त्यांनीच तोलल्या होत्या.

"ये. सापडलं का काही?" मामांनी विचारलं. ते आणि मिस्त्री एका वयाचे. एकाच वर्षी कारखान्यात आलेले.

"एक अडतंय. मामा, तुम्ही फुकट मिळालेली पेन्सिल बोटात धरता येईनाशी होईपर्यंत वापरता."

"बरं मग?"

"कारखान्याने तुमच्या फोनमध्ये डेटा भरून दिला. तो तुम्ही वापरला नाही. तसाच वाया घालवला. आणि तरी फोन दिवसभर चालू. फुकटचं सोडून विकतचं कोण वापरतं? तुम्ही तर नाहीच."

मामा काट्यावर बोट ठेवून बसले. काटा खाली गेला.

"ज्याला आपला फोन कुठे होता हे बिलात दिसायला नको, तो वापरतो," मिस्त्री म्हणाले. "फोनमध्ये दुसरं कार्ड होतं तुमच्या. दोन्ही काठांना चालणारं. इतके दिवस तुम्ही सगळ्या पॅकांची तुलना केलीत ती आमच्यासाठी नव्हे. कुठल्या पॅकचा माग राहत नाही, हे शोधत होता."

"कार्ड असणं म्हणजे चोरी नाही."

"नाही. पण ते जुनं कुलूप बघा. धाकट्याने बदली ठेवलं असतं तर दिसायला सारखं ठेवलं असतं, त्याला बनवता येतं. पोपटाने ठेवलंच नसतं काही, त्याला सुचलं नसतं. हे दिसायला काहीच्या काही आहे, पण वजनाला तंतोतंत. भंगाराच्या पेटीत बसून एकेक कुलूप काट्यावर ठेवणारा माणूस आपल्याकडे एकच आहे. इथूनच घेऊन गेलात तुम्ही ते. आणि शेवटच्या संध्याकाळी डबा बॅगांबरोबर तोलायला तुम्हीच नेला होता. सकाळी परत दिलात. डब्याचं कुलूप तर काय, ह्या कारखान्यात झाडूवालाही उघडेल."

मामांनी चष्मा काढला.

"जन्म घालवला मी इथे," ते म्हणाले. "बहिणीचा नवरा, म्हणून कधी पगार वाढवून मागितला नाही. भागीदार कोण, तर तो. काल आलेला. माझ्या पोटात आग पडली, मिस्त्री. तिकडच्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. बिलाचं मला काहीच माहीत नव्हतं, आपोआपच जमून आलं ते."

"आणि तुम्ही जमू दिलंत."

"तू नाही जमू दिलंस?" मामांनी वर पाहिलं. "झोप लागली होती म्हणालास. तू कधी झोपतोस, हे मला ठाऊक नाही होय? तुझी बायको गेल्यापासून कारखान्यात सगळ्यात आधी कोण येतं? तुझंही पोट दुखत होतंच की. मी केलं ते तुझ्याच मनातलं होतं."

मिस्त्री दारापर्यंत जाऊन थांबले.

"कार्डाचं कुठे काही शिल्लक नाही," मामा म्हणाले. "फेकून दिलंय. वजनाचं तू सांगशील, लोक हसतील. मी नाही म्हणणार. आणि सोमवारपर्यंत तू गप्प बसलास, तर भागीदार म्हणून दुसरं नाव कुणाचं निघेल, विचार कर. सगळ्यात जुना कोण?"

७

मालक घरी निघाले होते. मिस्त्रींनी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं.

मामांचं त्यांनी सांगितलंच: न वापरलेला डेटा, धक्क्यावरचे व्हिडिओ, तोललेला डबा. मालक ऐकत राहिले, पण पटल्यासारखे दिसेनात. "मेहुणा आहे माझा," ते म्हणाले. "आणि धाकट्याचा फोन पलीकडे होता हे तर छापून आलंय. उद्या पोलीस तेच धरतील."

"धाकटा बाल्कनीत होता."

"तुम्ही झोपला होतात."

"जागा होतो मी," मिस्त्री म्हणाले. "दार लागत नव्हतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. नळाला नवा वायसर टाकायचा की नळच बदलायचा ह्यावर बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, येताना माझ्यासाठी काही आणू नका, तुम्ही या. मग ती पावसाचं एक गाणं गुणगुणायला लागली आणि मध्येच शब्द विसरली, आणि दोघं हसली. तो जागचा उठला नाही. फोन ठेवून आत आला तेव्हा माझ्या अंगावरून सरकलेलं पांघरूण त्याने वर ओढलं. तिला विचारा, हेच सांगेल. तिची-माझी गाठ त्यानंतर एकदाच पडली, आणि तेव्हा गाण्याचं काही बोलणं झालं नाही."

"मग त्या दिवशी खोटं का बोललात?"

"त्याला फोन येतो म्हणून," मिस्त्री म्हणाले.

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. टेबलावरचा फोन उचलला, धाकट्याच्या घरी लावला आणि त्याच्या बायकोला विचारलं, "त्या संध्याकाळी तुम्ही कुठलं गाणं म्हणत होता?" पलीकडून "पावसाचं" असं उत्तर आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मग मामांना बोलावून आण म्हणून शिपायाला सांगितलं.

मामांनी पहिल्यांदा नाही म्हटलं. तुमच्या बहिणीला बोलवू का, असं मालकांनी विचारलं, तेव्हा नाही म्हणायचं थांबवलं.

आठवडा उलटला. मामा आता कारखान्यात येत नाहीत. पोपट वकिलाला घेऊन कुलूप परत मिळवायला तळ्याकाठच्या गावी गेला आहे. ह्या वेळी पॅक कुठलं घ्यायचं ह्यावर कुणी वाद घातला नाही. धाकटा आपल्या बाकावर परत आला. मिस्त्री जागे होते हे त्याला मालकांकडून कळलं असणार, पण तो त्याबद्दल बोलला नाही. फक्त म्हणाला, "बायकोने जेवायला बोलावलंय तुम्हाला. कधीही या."

मिस्त्री म्हणाले, "येतो."

कुलूप अजून परत मिळालेलं नाही. नोंदणी झालेली नाही. मिस्त्रींनी धाकट्याची माफी मागितलेली नाही, आणि ते जेवायलाही अजून गेलेले नाहीत.